रीनल फूड समोर ठेवलं की ठकी पाठ फिरवते

उंबरठा

नमस्कार. या फोरमवर बरीच वर्षं नुसती वाचते. लिहायची वेळ पहिल्यांदाच आली.

ठकी आमची मांजर, वय १३. तीन-चार महिन्यांपासून पाण्याच्या वाडग्याशी जरा जास्तच घुटमळायची आणि तिच्या लघवीच्या ट्रेमधले वाळूचे ओले गोळे अक्रोडाएवढे असायचे ते टेनिसच्या चेंडूएवढे झाले. उकाड्यामुळे असेल म्हणून मी सोडून दिलं. मग एकदा सहज उचललं तर हाताला पाठीचा कणा लागला. वजन केलं, ४.३ किलोची ३.६ झालेली.

रिपोर्ट असे: क्रिएटिनिन ३.१, एसडीएमए २७ (दोन्ही किडनीचं काम दाखवणारे आकडे), फॉस्फरस ५.८, पोटॅशियम ३.४. किडनीचा जुना आजार, स्टेज ३. दोन दिवस सलाईन लावलं आणि घरी आणताना डॉक्टरांनी रीनल फूडची, म्हणजे किडनीच्या आजारातल्या खास खाण्याची, कोरड्या दाण्यांची पिशवी हातात दिली. म्हणाले, यापुढे हेच.

त्याच संध्याकाळी मी जुनं खाणं सगळं उचलून ठेवलं आणि नवं वाढलं. तिनं वास घेतला, ओठ चाटले आणि वाडग्याभोवती पंजानं फरशी ओरबाडायला लागली, ट्रेमध्ये घाण झाकतात तशी! दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी माझा धीर सुटला आणि ट्यूनाचा डबा फोडला. तो तिनं चाटूनपुसून संपवला. आता बाईसाहेबांना कळलंय की ताटकळत बसलं की ट्यूना येतो.

वरून बंडू. बंडू आमचा कुत्रा, वय ८, दोन वर्षांपूर्वी पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची सूज) होऊन मरता मरता वाचलाय, तेव्हापासून कमी चरबीच्या खाण्यावर आहे. ठकीनं नाकारलेलं रीनल फूड तो मिटक्या मारत संपवतो. सासूबाई म्हणतात, 'औषधी खाणं आहे, त्यालाही बरंच की.'

माझे प्रश्न. उपाशी राहिली की झक मारत खाईल, असं एक जण म्हणाला, किती दिवस थांबू? नेटवर किडनीच्या मांजरांसाठी घरी शिजवायच्या पाककृती आहेत, चिकन-अंडं-भात वगैरे, त्यातली एक उचलू का? आणि बंडूचं काय?

आणि एक खरं सांगते. डॉक्टरांना फोन करायची लाज वाटते. एवढं समजावून सांगितलं आणि मी तिसऱ्याच दिवशी ट्यूना दिला.

जुनं_खोड

ताई, आधी लाज सोडा. ट्यूना दिलात हे बरंच केलंत. 'झक मारत खाईल' हे कुत्र्याच्या बाबतीत एखादवेळी चालून जाईल, मांजराच्या बाबतीत अजिबात नाही. मांजर दोन-तीन दिवस पोटात काही न घालता राहिलं की अंगातली चरबी वितळून लिव्हरकडे धावते, आणि मांजराच्या लिव्हरला ती उरकत नाही. लिव्हर चरबीनं भरून जातं, डोळे-हिरड्या पिवळ्या पडतात. म्हणजे किडनी वाचवायला निघालो आणि लिव्हर घालवून बसलो. जाड मांजरांत हा धोका जास्त, पण ठकीसारख्या झपाट्यानं उतरलेल्या मांजरालाही तो आहेच. एक अख्खा दिवस काहीच खाल्लं नाही तर फोन, दुसरा दिवस उजाडला तर थेट दवाखाना, हा माझा नियम.

माझा बोका काळ्या, किडनीच्या आजारासकट तीन वर्षं जगला आणि पहिल्या महिन्यात मी अगदी तुमच्यासारखाच फसलो होतो. दवाखान्यातून आला त्याच रात्री नवं खाणं. त्याच्या पोटात ढवळत होतं, रक्तात युरिया चढलेला, आणि अशा वेळी मी त्याच्या नाकाखाली एक नवा वास धरला. मांजराचा हिशेब सोपा असतो: हा वास आला तेव्हा मळमळत होतं, सबब हा वास वाईट. मला लहानपणी तापात कडू गोळी संत्र्याच्या रसातून द्यायचे. आज साठी उलटली तरी कोणी संत्रं सोललं की मी खोलीबाहेर जातो. ठकीनं ओठ चाटले असं लिहिलंत ना? ते चव आवडल्याचं चाटणं नसावं. मांजराला मळमळलं की लाळ सुटते आणि ते असंच ओठ चाटत राहतं. डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा. मळमळीवर औषध आहे, भूक लागायलाही आहे, कानाच्या आतल्या कातडीवर चोळायचं मलमसुद्धा मिळतं. आधी मळमळ थांबू द्या. खाण्याचं नंतर बघू.

मी काय केलं ते सांगतो. ती पिशवी दहा दिवस कपाटात, तीही घट्ट बंद करून, वासच येऊ द्यायचा नाही. तोवर जुनं खाणं, जे खाईल ते. मग डॉक्टरांकडून दुसऱ्या कंपनीचं रीनल फूड आणलं, ओलं, डब्यातलं. पहिल्यांदा त्याच्या नेहमीच्या वाडग्यात घातलंच नाही. शेजारी एका बशीत अर्धा चमचा ठेवून दिलं. खाल्लं तर खाल्लं, नाही तर तासाभरानं न बोलता उचललं. आपण तिथे उकिडवं बसून 'खा ना रे, खा ना रे' करत राहिलो की त्यांना संशय येतो. चार दिवस बघितलं नाही. पाचव्या दिवशी बशी स्वच्छ. मग जुन्या खाण्यात एक चमचा, तीन दिवसांनी दीड. सगळं बदलायला पाच आठवडे लागले. पाकिटावर सात दिवस लिहिलेलं असतं. म्हाताऱ्या मांजरानं ते पाकीट वाचलेलं नसतं.

आणखी बारीकसारीक. फ्रीजमधलं गार खाणं देऊ नका, वाडगा कोमट पाण्यात धरून अंगाएवढं गरम करा (मांजराचं अंग ३८-३९ अंश असतं), वास सुटतो. वाडगा उथळ आणि पसरट घ्या, मिश्यांना कडा घासलेल्या काही मांजरांना खपत नाहीत. गोळी चुकूनही रीनल फूडमध्ये लपवू नका, एकदा कडू लागलं की ते खाणं कायमचं बाद. आणि आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी, वजन. मी वहीत लिहायचो. स्वयंपाकघरातला काटा आणि वर बुटांचं खोकं, काळ्या त्यात आपणहून बसायचा.

चार_पायांचा_डॉक्टर

मी व्हेट, म्हणजे जनावरांचा डॉक्टर आहे. ठकीला तपासलेलं नाही, त्यामुळे डोस लिहिणार नाही, फक्त कारणं सांगतो.

वर खोडसाहेबांनी लिहिलंय त्याला माझी सही. कोरडी पिशवी देऊन 'यापुढे हेच' म्हणणं आमच्याकडून सर्रास होतं. ओपीडीत रांग असते आणि खाणं कसं बदलायचं हे सांगायला वीस मिनिटं लागतात. तेव्हा फोन करायला लाजू नका, मांजर खात नाही हे कळणं डॉक्टरच्याच कामाचं असतं.

आता, हे खाणं नेमकं करतं काय? लोकांना वाटतं, यात प्रोटीन कमी असतं म्हणून किडनीला आराम. प्रोटीन थोडं कमी असतं हे खरं, पण खरी गोम फॉस्फरसमध्ये आहे. किडनी थकली की फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही, तो रक्तात साठतो, त्याला आवरायला हार्मोन्स वाढतात आणि या ओढाताणीत उरलीसुरली किडनी आणखी झिजते. क्रिएटिनिन २.९ ते ५.० म्हणजे मांजरात स्टेज ३, आणि या स्टेजला फॉस्फरस ५.० च्या खाली ठेवायचा असतो. ठकीचा ५.८ आहे. याशिवाय रीनल फूडमध्ये मीठ कमी, पोटॅशियम आणि ओमेगा-३ जास्त, आणि रक्तातली आम्लता आटोक्यात ठेवायची तजवीज असते. ठकीचं पोटॅशियम काठावर आहे. मान खाली झुकवून चालायला लागली, उडी चुकायला लागली तर थांबू नका, ते पोटॅशियम उतरल्याचं लक्षण असतं.

फायदा किती? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ४५ किडनीग्रस्त मांजरांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत वाटलं आणि दोन वर्षांपर्यंत पाहिलं. साध्या खाण्यावरच्या २३ पैकी ६ मांजरांना युरिया चढून झटका आला (म्हणजे तब्येत एकदम ढासळली), ५ किडनीनं गेली. रीनल खाण्यावरच्या २२ पैकी एकालाही झटका आला नाही आणि एकही किडनीनं गेलं नाही. २००० सालचा आधीचा एक अभ्यास आहे, रीनल खाण्यावर ६३३ दिवस आयुष्य विरुद्ध साध्यावर २६४ दिवस, तो जास्त सांगितला जातो. पण त्यात 'साध्या खाण्याचा' गट म्हणजे ज्यांनी रीनल फूड खाल्लंच नाही किंवा ज्यांच्या मालकांनी दिलं नाही अशी मांजरं होती. जे मांजर खातच नाही ते मुळातच जास्त आजारी असू शकतं, म्हणून मी तो आकडा जरा हात राखून सांगतो.

हे सगळं ती खाते आहे असं धरून. वाडग्यात राहिलेल्या रीनल फूडचा उपयोग शून्य. ठकी ३.६ किलोची आहे, नुसतं पडून राहायला तिला रोज साधारण १८० कॅलरी लागतात (वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०, हे आमचं सूत्र). एवढ्या आधी पोटात जाऊ द्या. तोपर्यंत फॉस्फरसला लगाम घालायचा दुसरा मार्ग आहे: बाइंडर. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पूड जेवणातच मिसळतात, ती आतड्यात फॉस्फरसला धरून ठेवते. जेवणाबरोबरच द्यायची, रिकाम्या पोटी दिली तर धरायला काही नसतंच. किती द्यायची ते तुमचे डॉक्टर ठरवतील. बद्धकोष्ठ होऊ शकतं, ट्रेवर लक्ष ठेवा.

घरच्या पाककृतींबद्दल. २०१२ मध्ये किडनीच्या कुत्र्या-मांजरांसाठीच्या ६७ पाककृती, पुस्तकातल्या आणि नेटवरच्या, तपासल्या गेल्या. सगळी पोषकद्रव्यं पुरेशी असलेली त्यात एकही निघाली नाही. कारण उघड आहे. बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नाही. कॅल्शियमसाठी हाडांची पूड घालावी तर फॉस्फरस आणखी वाढतो. वर मांजराला टॉरिन हे अमिनो आम्ल खाण्यातूनच मिळावं लागतं, नाहीतर हृदय आणि डोळे जातात. घरी शिजवणं अशक्य नाही, पण पशु-आहारतज्ज्ञाकडून ठकीच्या रिपोर्टवर बेतून घ्या आणि सप्लिमेंटसकट ग्रॅमवर मोजून करा. 'आज ही पूड संपली, राहू दे' हे चालत नाही.

एक अवांतर. हा प्रकार नवा नाही. १९३९ साली अमेरिकेत मॉरिस फ्रँक या अंध गृहस्थांच्या बडी नावाच्या वाटाड्या जर्मन शेफर्डची किडनी बिघडली, तेव्हा मार्क मॉरिस या व्हेटनं त्याच्यासाठी घरच्या स्वयंपाकघरात खाणं बनवलं. काचेच्या बरण्यांतून ते पाठवायचे आणि बरण्या वाटेत फुटायच्या. डबे नंतर आले.

बंडूचा मुद्दा सगळ्यात शेवटी घेतला, पण आज रात्रीच करायचं काम तेच आहे. मांजराच्या रीनल फूडमध्ये चरबी भरपूर असते, कारण प्रोटीन कमी केल्यावर कॅलरी कुठून तरी भरून काढाव्या लागतात. पॅन्क्रियाटायटिस होऊन गेलेल्या कुत्र्याला ती चरबी म्हणजे दुखण्याला आवतण. पोट ताणून, पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून उभा राहिला किंवा उलट्या सुरू झाल्या तर रात्र असली तरी न्या. सासूबाईंना सांगा, हे औषधच आहे, म्हणून दुसऱ्याचं घ्यायचं नाही.

रिकामटेकडा

माझ्या कुत्रीच्या मूत्राशयात खडा होता, तो खास खाण्यानं दोन महिन्यांत विरघळला, ऑपरेशन टळलं. ते युरिनरी फूड ठकीला देऊन बघा की. शेवटी लघवीचंच दुखणं ना?

चार_पायांचा_डॉक्टर

देऊ नका! तुमच्या कुत्रीचा खडा स्ट्रुव्हाइट या क्षाराचा असणार. तो आम्लधर्मी लघवीत विरघळतो (आणि कुत्र्यांत तो बहुधा जंतुसंसर्गानं होतो, म्हणजे सोबत अँटिबायोटिकही असणार, आठवून बघा). कॅल्शियम ऑक्झलेटचा असता तर कुठल्याही खाण्यानं विरघळला नसता, काढावाच लागला असता. आता ठकीकडे बघा. तिची किडनी अंगातलं आम्ल बाहेर टाकायला आधीच कमी पडतेय आणि खडे विरघळवणारं खाणं लघवी आम्ल करण्यासाठीच बनवलेलं. बरोबर उलटी दिशा.

गोडबोका

विषय थोडा वेगळा, पण 'औषधी खाणं म्हणजे चांगलंच' या समजुतीचा फटका मी खाल्लाय म्हणून लिहिते.

माझा बोका मधुमेही. दोन वेळा इन्शुलिन. डॉक्टरांनी कमी कार्बोहायड्रेटचं ओलं खाणं सुरू करायला सांगितलं आणि बजावलं की सुरू करायच्या दिवशी कळवा, इन्शुलिन कमी करावं लागेल. मला वाटलं, खाणं तर बदलायचंय, त्यात काय कळवायचं. कोरडे दाणे बंद, डबा चालू, इन्शुलिन तेवढंच. तिसऱ्या दिवशी पहाटे तो पलंगाखाली लटपटत होता, डोळे उघडे पण माझ्याकडे बघत नव्हता. हिरड्यांवर ग्लुकोज चोळत दवाखाना गाठला. साखर ४२. वाचला. पुढे त्याच खाण्यावर त्याचं इन्शुलिन पूर्ण सुटलं, म्हणजे खाणं बरोबरच होतं, चूक माझी होती.

तेव्हा ताई, बाइंडर असो, पोटॅशियम असो, खाणं बदलेल त्या दिवशी कळवायचं. मी आता मीठ बदललं तरी फोन करते. डॉक्टर कंटाळलेत, पण उचलतात.

उंबरठा

सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना त्याच रात्री फोन केला. रागावले नाहीत. 'अर्धे लोक सांगतच नाहीत' एवढंच म्हणाले. मळमळीची गोळी आणि बाइंडर सुरू केलंय, पोटॅशियमची पूड पण. पिशवी दोन पिशव्यांत गुंडाळून कपाटात.

एक विचारायचं राहिलं. ट्यूना पूर्ण बंद करू का? आणि डब्यांवरचे आकडे मला कळत नाहीत. ओल्या खाण्यावर प्रोटीन १० टक्के लिहिलंय, कोरड्यावर ३०. म्हणजे ओल्यात एक तृतीयांशच?

चार_पायांचा_डॉक्टर

नाही, इथे सगळेच फसतात. ओल्या डब्यात ७५-८० टक्के पाणी असतं, दाण्यांत ८-१०. पाणी वजा करून बघा. डब्यात ७८ टक्के पाणी असेल तर खरा माल २२, त्यात १० प्रोटीन, म्हणजे ४५ टक्के. दाण्यांचं तसंच केलंत तर ३३ च्या आसपास येतं. उलटंच निघालं की नाही? फॉस्फरसचंही असंच करायचं. तो पाकिटावर बरेचदा छापलेलाच नसतो, कंपनीला विचारावा लागतो.

ट्यूना एकदम तोडू नका. मिठाच्या पाण्यातला मात्र नको, आणि तो जेवण म्हणून न देता वास म्हणून वापरा: साध्या पाण्यातल्या ट्यूनाचं पाणी चमचाभर, नव्या खाण्यावर. तिचं पाणी वाढेल हा वरचा फायदा.

उंबरठा

चार आठवडे झाले, कळवते.

पहिले नऊ दिवस पिशवीचं नावही काढलं नाही. मळमळीच्या गोळीच्या तिसऱ्या दिवशी ओठ चाटणं थांबलं. मग खोडकाकांची बशी. पहिल्या कंपनीचं ओलं तिनं पुन्हा पंजानं 'पुरलं'. दुसऱ्या कंपनीचं, रश्श्यातल्या तुकड्यांचं, सहाव्या दिवशी चाटलं, तुकडे ठेवले, रस्सा संपवला. तुकडे काट्यानं चिरडून त्याच रश्श्यात कालवले तर तेही गेले. आता निम्मं नवं, निम्मं जुनं यावर अडलोय. त्यापुढे एक चमचा जरी वाढवला तर तिला कळतं. कसं कळतं देव जाणे.

परवा रक्त तपासलं. फॉस्फरस ४.७, पोटॅशियम ४.१. क्रिएटिनिन ३.० म्हणजे जवळजवळ तिथंच, डॉक्टर म्हणाले की तिथंच राहिलं तर ती चांगली बातमी समजा. वजन ३.७५.

बंडूला त्या रात्री दोन उलट्या झाल्या. नेलं, सोनोग्राफी केली, थोडक्यात निभावलं. आता ठकी जेवते फ्रीजवर. चढायला तिच्यासाठी स्टूल आणि खोकं मांडलंय, कारण थेट उडी तिला जमत नाही. सासूबाईंनी स्वतः पहारा घेतलाय, खुर्ची टाकून बसतात. काल मात्र त्यांच्या पदराला ट्यूनाचा वास येत होता. विचारलं तर म्हणाल्या, 'पाणीच दिलं गं, तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय ना.'

डॉक्टरसाहेब, निम्म्यावर अडलेलं पुढे ढकलू, की बाइंडर चालू ठेवून आहे तसंच राहू देऊ?

चार_पायांचा_डॉक्टर

४.७ आहे ना? मग महिनाभर अजिबात ढकलू नका. खातेय, वजन चढतंय, पुढच्या रक्तानंतर बघू. आणि सासूबाईंना म्हणावं, चमचा मोजून.